ग कुठून सुरू होतो?

लिहून झालेल्या ‘ग’कडे बघून तो कसा लिहिला गेला हे कळत नाही. वहीत सुबक ‘ग’ दिसत असतो, खाली लाल शाईत बरोबरची खूणही असते. प्रत्यक्षात त्या मुलाने आधी डोक्यावरची रेघ ओढलेली असते, मग दांडा खालून वर नेलेला असतो आणि शेवटी उरलेल्या जागेत गाठ कशीबशी कोंबलेली असते. अक्षर बरोबर, हाताची वाट मात्र उलटी. ही वाट फक्त शेजारी बसलेल्या माणसाला दिसते. पुण्यात बरीच वर्षं बालवाडीत शिकवतेय, आणि दरवर्षी माझं हे मत आणखी पक्कं होत जातं की लहान मुलांना अक्षरं शिकवताना नजर हातावर हवी. वही नंतर बघितली तरी चालते.

“ताई, ग शेवटी गसारखाच दिसतोय ना? मग कुठून का सुरू करेना,” असं पालकसभेत कुणीतरी विचारतंच. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर बालवाडीत मिळत नाही, पुढे जोडाक्षरं सुरू झाली की मिळतं. ग नीट काढायचा तर आधी वरून खाली येणारी रेघ, तिच्या टोकाला डावीकडे वळून गाठ, मग जराशी जागा सोडून वरून खाली दांडा, आणि सगळ्यात शेवटी डोक्यावरची आडवी रेघ. ‘अग्नी’ किंवा ‘ग्लास’ लिहिताना यातला दांडा गळतो आणि उरतो तो अर्धा ग. ज्या मुलाचा हात आधी गाठ, मग दांडा असा चालतो त्याला अर्धा ग नव्याने शिकावाच लागत नाही. दांड्याच्या आधी थांबायचं, एवढंच. म, न, भ, त, स, ल, व, प ही सगळी दांडेवाली मंडळी अशीच अर्धी होतात. क आणि फ यांचा दांडा मधे, म्हणून त्यांचं उजवीकडचं वळण आखडतं. द, ट, ठ, ड यांना पूर्ण दांडाच नाही, म्हणून ‘विद्या’ आणि ‘लठ्ठ’ लिहिताना वेगळी सोय करावी लागते. र तर चार रूपं घेऊन येतो: ‘सूर्य’मधला डोक्यावरचा रफार, ‘प्रकाश’मधली पोटातली तिरपी रेघ, ‘ट्रक’मधलं पायाखालचं टोक आणि ‘दऱ्या’मधला तो छोटा वळसा. एवढा पसारा पुढे वाट बघत असतो. ज्याचा हात पहिल्यापासून सरळ वाटेने गेला त्याला त्यातला निम्मा आपोआप कळतो, बाकीच्यांना तो पाठ करावा लागतो. दुसरीतल्या बाई ‘याची जोडाक्षरं कच्ची आहेत’ म्हणतात, तेव्हा त्या कच्चेपणाचं मूळ पुष्कळदा बालवाडीतल्या एखाद्या सुबक पानात असतं.

आपल्याकडे बालवाडीत अक्षरं ‘गमभन’पासून सुरू करायची जुनी पद्धत आहे आणि ती फार विचारपूर्वक केलेली आहे. वर्णमाला क पासून सुरू होते ती उच्चाराच्या हिशेबाने. कंठापासून ओठांपर्यंत आवाज जसा तोंडात पुढे सरकतो तशी क ते म ही मांडणी. म्हणायला, ऐकायला, पाठ करायला ती सुरेखच आहे. पण हाताला क सोपा नाही: डावीकडे गोल, मधे दांडा, मग उजवीकडे पुन्हा खाली उतरणारं वळण. अ त्याहून अवघड. तक्त्यावर ‘अ अननसाचा’ पहिल्या घरात बसलेला असतो, म्हणून कितीतरी घरांमध्ये मुलांची लेखणी पहिल्यांदा टेकते ती त्याच अक्षरावर, आणि तिथेच रडारड सुरू होते. ग, म, भ, न यांना उभी रेघ, गाठ आणि दांडा एवढं भांडवल पुरतं. गमधली रेघ आणि गाठ जमली की ‘म’साठी फक्त ती गाठ दांड्याला आडवी जोडायची असते. मच्या डोक्यावर डावीकडे छोटा वळसा दिला की भ. आणि नमध्ये तर डावी उभी रेघही नाही, गाठीतून निघून सरळ दांड्याला भिडायचं. पुढे गोलाची मंडळी येतात: व, ब, क. मग प, ष, फ. मग वरचा आखूड दांडा आणि खाली पोट असलेली ट, ठ, ढ, द. ड, इ, झ, ह बऱ्याच उशिरा. शाळेगणिक यात थोडा फरक असतो, तो असू दे. मूळ गोष्ट ही की एक हालचाल बसली की तिच्यातूनच पुढची निघते.

शिवाय या चार अक्षरांत लगेच शब्द होतात. मन, मग, नग, नभ, गगन. काना शिकवला की मामा, मान, नाग, भाग. अक्षरं येऊन पंधरवडा होत नाही तोच मूल ‘मामा’ वाचतं आणि दिवसभर ज्याला त्याला वाचून दाखवत सुटतं. अक्षरांचा काहीतरी उपयोग आहे हे त्याला त्या दिवशी कळतं. अननसाने ते कळत नाही.

हे सगळं झालं हाताच्या वाटेबद्दल. पण त्याआधी हात तयार आहे का, हा प्रश्न आहे, आणि पुण्यातल्या बहुतेक घरांत तो कुणी विचारतच नाही. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती कूर्चेची असतात, एक्स-रे काढला तर दिसतही नाहीत. एकेक करत ती घट्ट होत जातात आणि शेवटचं हाड व्हायला मूल आठ-बारा वर्षांचं व्हावं लागतं. तीन वर्षांच्या मुलाची पेन्सिल मुठीत जाते, कारण त्याला खांद्यापासून हात हलवणं सोपं जातं. मग कोपर, मग मनगट, आणि अगदी शेवटी बोटं, असा तो ताबा खाली उतरत येतो. आकारांचंही तसंच. साधारण तीन वर्षांचं मूल गोल काढतं, चारच्या सुमारास अधिकचं चिन्ह, मग चौकोन, आणि पाचच्या आसपास त्रिकोण. त्रिकोणाला उशीर का? त्यात तिरप्या रेघा आहेत. उभी आणि आडवी रेघ हाताला लवकर सापडते, तिरपी उशिरा.

आता याकडे लिपीच्या बाजूने बघा. देवनागरीत तिरप्या रेघा अगदी मोजक्या. रची शेपटी, बच्या पोटातली रेघ, अशा थोड्या जागा सोडल्या तर सगळा कारभार उभा, आडवा आणि गोल. रोमनमधलं पहिलंच कॅपिटल अक्षर दोन तिरप्या रेघांनी सुरू होतं. तरीही आपल्या शहरात अडीच-तीन वर्षांच्या मुलांना नर्सरीत ‘स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन, स्लँटिंग लाइन’ची पानं भरायला देतात, आणि कोथरूडपासून खराडीपर्यंतच्या आया संध्याकाळी ती पानं पुरी करून घेतात. मला त्या आयांचा राग येत नाही. ‘अमक्या शाळेत मुलाखत घेतात म्हणे’ या एका वाक्याने त्यांची झोप उडालेली असते. शिक्षणहक्क कायद्याने २००९ सालीच प्रवेशासाठी मुलांची आणि पालकांची चाचणी घ्यायला बंदी केली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा सलग एकच पायाभूत टप्पा मानला आहे. आठपर्यंत. कागदावर मुलाला इतका वेळ दिलेला असताना आपणच तो त्याच्या हातातून काढून घेतोय.

हात तयार व्हायला पेन्सिल लागत नाही. मटार सोलणं, लिंबू पिळणं, कणकेचे गोळे करणं, दोरीवरचे चिमटे लावणं-काढणं, चिंचोके बाटलीत टाकणं, मीठ चिमटीने घालणं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची चिमूट पक्की झाली की पेन्सिल तिच्यात आपसूक बसते. आमच्याकडे मोठे लांब खडू आम्ही मुद्दाम तोडून देतो. नखभर तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो चिमटीतच धरावा लागतो. भिंतीवरच्या फळ्यावर उभं राहून रेघा मारल्या की मनगट आपोआप हवं तसं मागे वळतं. पालक विचारतात, आज काय शिकवलं? मुलगा सांगतो, मटार सोलले. घरच्यांचा चेहरा पडतो. पण त्या दिवशी त्या मुलाचं लेखनच चाललेलं होतं, हे मी त्यांना सांगत राहते आणि सांगत राहणार आहे.

जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. एकेरी, दुरेघी, चाररेघी, चौकटीच्या वह्या, पत्र्याच्या पाट्या, आणि आता ढिगाने मिळणारी ठिपक्यांची पुस्तकं. ठिपक्याठिपक्यांचं अक्षर छापलेलं असतं, मुलाने ते जोडत जायचं. दिसायला ही पुस्तकं फार देखणी आणि पालकांना त्यांचा मोठा आधार. पण ठिपक्यांच्या क मध्ये सुरुवात कुठे आहे? सगळे ठिपके सारखे. मूल जिथे पेन्सिल टेकेल तिथून सुरू करतं. काही पुस्तकांत बाण आणि १, २, ३ असे आकडे असतात, पण ज्याला अजून आकडे वाचता येत नाहीत त्याला ते नक्षीच वाटतात. मी अशी कितीतरी मुलं बघितली आहेत जी ठिपक्यांवरून झकास क काढतात आणि कोरी पाटी पुढे ठेवली की थिजतात. हात ठिपक्यांच्या मागे गेलेला असतो, क त्याच्यात उतरलेलाच नसतो.

कुणी म्हणेल, गिरवणं तर आपल्याकडे पूर्वापार आहे. खरंच आहे. धूळपाटीवर पंतोजी बोटाने अक्षर काढायचे आणि मुलगा त्याच खाचेतून बोट फिरवायचा. ‘श्रीगणेशा’ आणि ‘ओनामा’ तिथून आपल्या बोलण्यात आले. पण त्या गिरवण्यात एक गोष्ट होती जी छापील ठिपक्यांत नाही. मुलाने आधी पंतोजींचा हात चालताना बघितलेला असायचा. बोट कुठे टेकलं, कुठून वळलं, कुठे उचललं, हे त्याच्या डोळ्यांदेखत घडलेलं असायचं.

पुण्यात मुलांना सोडायला-न्यायला आजी-आजोबाच जास्त येतात. त्यातल्या एका आजींनी मला दसऱ्याला हे फार छान दाखवलं. पाटीपूजनाला आम्ही मुलांना पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायला देतो. आजी नातीच्या मागे मांडी घालून बसल्या, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि पहिला १ काढला. दुसरा काढताना त्यांनी पकड सैल केली. तिसऱ्याला फक्त मनगटाला बोट लावलं होतं. पुढच्या १ ला त्यांनी हात काढून घेतला आणि नुसतं तोंडाने म्हणू लागल्या, “वळ… आणि खाली. वळ… आणि खाली.” मुलगी एकामागून एक १ काढत गेली. वळायचं आणि खाली यायचं, ही किती अक्षरांच्या पोटातली हालचाल आहे! मी विचारलं, “आजी, तुम्ही शिक्षिका होतात का?” त्या म्हणाल्या, “नाही गं बाई, मला माझ्या वडिलांनी असंच शिकवलं.” हात धरायचा तो सोडण्यासाठी, हे प्रशिक्षणात आम्हाला कितीतरी तास लावून समजावतात.

खरखरीत अक्षरांचंही तेच तत्त्व. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह काढलं. त्यांच्या पद्धतीत गुळगुळीत पाटीवर वाळूच्या कागदाची अक्षरं चिकटवलेली असतात आणि मूल त्यावरून दोन बोटं फिरवतं. बोट वाटेवरून घसरलं की स्पर्शच सांगतो. १९३९ मध्ये त्या स्वतः मद्रासला आल्या, पण त्यांचे विचार त्याआधीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांमुळे आपल्याकडे पोचले होते. ताराबाई आणि मोरगावात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये जे काम केलं ते मला सगळ्यांत जवळचं वाटतं. महागडी साधनं तिथे येणारच नव्हती. त्यांनी खडे, शिंपले, बिया, पानं घेतली. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली. आज सरकारी कागदावर ‘अंगणवाडी’ लिहिलेलं असतं, ती कल्पना याच कामातून आलेली आहे. आमची खरखरीत अक्षरं आम्ही हार्डवेअरच्या दुकानातल्या पॉलिश पेपरची करतो. मध्यम खरखरीत घ्यायचा, फार जाड घेतला तर मुलांची बोटं सोलतात. कापताना दांडा आणि गाठ वेगवेगळे तुकडे कापून शेजारीशेजारी लावायचे, म्हणजे ग दोन वेळा हात उचलून काढायचा हे बोटालाच समजतं. रव्याच्या ताटात काढलेलं अक्षर ताट हलवलं की पुसतं, म्हणून भित्री मुलं तिथे निर्धास्त असतात. आणि दगडी पाटी! कागदावर पेन्सिल सुळकन सरकते, पाटीवर लेखण अडते, आणि त्या अडण्यातून हाताला आपण कुठे चाललो आहोत ते समजतं. मुलं लेखण खातात ही पालकांची तक्रार खरी आहे, लक्ष ठेवावं लागतं. पण तेवढ्यासाठी पाटी माळ्यावर टाकू नका.

इंग्रजी माध्यमात गेलेली मुलं नंतर मराठीकडे येतात तेव्हा एक गंमतशीर गोष्ट दिसते. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे अशी मुलं आता खूप भेटतात. त्यांची मराठी अक्षरं खालच्या रेघेवर उभी असतात. रोमन अक्षर रेघेवर उभं राहतं, देवनागरी अक्षर रेघेला लटकतं. मी त्यांना सांगते, गॅलरीतल्या दोरीवर कपडे वाळत घालतो ना, तशी ही अक्षरं वर पकडायची आणि खाली सोडायची. एवढ्या एका वाक्यावर कित्येकांची पानं सुधारतात. मोडीत तर ही दोरी आधीच बांधलेली असायची. कागदभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग त्यांच्याखाली हात शक्यतो न उचलता लिहीत जायचं. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागदांचे रुमाल ज्यांनी बघितले असतील त्यांना तो धावता हात माहीत असेल. मोडीच्या अक्षरांचे वळसे हाताच्या वेगातूनच आलेले आहेत. बाळबोधीत मात्र आपण अक्षरं आधी लिहितो आणि रेघ शेवटी, अख्ख्या शब्दावर एकदाच ओढतो. लहान मुलं प्रत्येक अक्षराला वेगळी टोपी घालतात, आणि मग ‘कमळ’ हा एक शब्द आहे की तीन, ते त्यांनाच सांगता येत नाही. शब्द पुरा झाल्याशिवाय रेघ नाही, ही एक सवय लागली की शब्दांमधली जागा शिकवावी लागत नाही. ती रेघ नीट बघणंही महत्त्वाचं, कारण घ आणि ध, म आणि भ यांच्यातला फरक ती कुठे तुटते यावरही ठरतो.

ल आणि श बद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण घरी त्यावरून वाद होतात. मुलांना पाट्यांवर आणि मोबाइलवर हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श वेगळा, आणि राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी हेच आकार धरले आहेत. मुलाला दोन्ही वाचता यावेत, लिहिताना मात्र आपला.

डावखुऱ्या मुलांसाठी हातावरची नजर आणखी गरजेची असते. दहातलं साधारण एक मूल डावखुरं असतं. त्याला आडवी रेघ उजवीकडून डावीकडे ओढणं सोपं जातं, आणि लिहिताना त्याचाच हात लिहिलेल्यावर पडतो. त्याची पाटी घड्याळाच्या दिशेने थोडी तिरपी ठेवा, पेन्सिल जरा वर धरू द्या, तो पुष्कळ मोकळा होतो. हात मात्र बदलायचा नाही. ‘उजव्या हाताने काढ रे राजा’ म्हणणाऱ्या प्रेमळ आजोबांशीही या बाबतीत मी ठामपणे बोलते. अक्षरं उलटी येण्याची काळजीही लगेच नको. वाटी उलटी ठेवली तरी वाटीच राहते, पण ३ उलटा केला की ६ होतो. दिशेने वस्तूच बदलते हा अनुभव मुलाला जगात दुसरीकडे कुठे आलेलाच नसतो. सहा-सात वर्षांपर्यंत हे गोंधळ होतातच.

वेलांटीबद्दलही धीर धरावा. ‘कि’मध्ये आवाज क चा आधी आणि इ चा नंतर, कागदावर मात्र वेलांटी आधी. मूल ऐकतं तसं लिहितं, म्हणून ते आधी क काढतं आणि मग वेलांटी जागा मिळेल तिथे ठेवतं. ते नीट ऐकतंय याचा तो पुरावाच आहे.

आमच्या बालवाडीतल्या एका मुलीची आई सकाळी चार घरची धुणीभांडी करून मग मुलीला घ्यायला येते. तिला स्वतःचं नाव लिहायचं होतं. मी रव्याचं ताट पुढे केलं तर तिने ते बाजूला सारलं. “पाटी द्या, ताई,” म्हणाली. मोठ्या माणसाचा हात वेगळाच असतो. बोटांत ताकद इतकी की लेखण मोडते, आणि तीच बोटं अक्षराच्या वळणावर कापतात. नाव ‘म’ने सुरू होत होतं. ती दांडा आधी काढायची आणि मग डावीकडची रेघ. दोन-तीनदा असं झाल्यावर शेजारी बसलेली तिची पाच वर्षांची मुलगी म्हणाली, “आई, दांडा शेवटी. आधी इकडून.” आणि तिने आईचं बोट धरून पॉलिश पेपरच्या मवरून फिरवलं. १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात सावित्रीबाई आणि जोतिरावांनी मुलींच्या हातात पाटी दिली, ती इथे कुठेतरी त्या मायलेकींपर्यंत पोचली होती. आता ती आई बँकेत सही करते. म अजून किंचित मोठा येतो, पण एका दमात येतो.

हातावर नजर ठेवायची म्हणजे काय, हे घरच्यांना कळावं म्हणून आम्ही अलीकडे एक बदल केला. गृहपाठाच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा रिवाज होता, तो बंद केला. त्याऐवजी आठवड्यातून एकदा एकाच अक्षराचा छोटासा व्हिडिओ पाठवायचा. चेहरा नको, आवाज नको, फक्त हात आणि पाटी. पहिले काही दिवस कुरकुर झाली. मग एका बाबांनी निरोप पाठवला: “ताई, आज पहिल्यांदा बघितलं की ही व काढताना गोल उजवीकडून फिरवते. वहीत कधी कळलंच नसतं.”

मागच्या महिन्यात झ आला. एका आईने व्हिडिओ टाकला आणि खाली विचारलं, “हे बरोबर आहे का? मी स्वतः तर आधी दांडा काढते.” दुसऱ्या आईने लिहिलं, ती ड काढून शेपटी ओढते आणि मग मधली आडवी रेघ उजवीकडून आणते. कुणाच्या आजोबांनी आपल्या झचा व्हिडिओ पाठवला, त्यात शेपटीला असा काही झोकदार वळसा होता की सगळ्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. घराघरांत रात्री मोठी माणसं पाट्या घेऊन बसली होती. कोण कुठून सुरू करतं, कोण किती वेळा हात उचलतं, कुणाच्या शाळेत काय शिकवलं होतं, अकरा वाजेपर्यंत ग्रुपवर झ एके झ चालला होता. शेवटी मी लिहिलं: डावीकडचा भाग वरून सुरू करून शेपटीपर्यंत एका दमात, मग मधली रेघ डावीकडून उजवीकडे, मग दांडा वरून खाली, डोक्यावरची रेघ सगळ्यात शेवटी. उद्या मुलांसमोर एकदा सावकाश काढून दाखवा, बोलू नका, नुसतं काढा. सकाळी दारातच एक मुलगा मला म्हणाला, “ताई, बाबांना झ येतो आता.”